समुद्राखालचे नकाशे आणि पिवळे दगड

नकाशात समुद्र आला की आपण निळा रंग भरतो आणि मोकळे होतो. परंतु पाठीवर हवेची टाकी बांधून त्या निळ्या रंगाखाली उतरणाऱ्या स्कूबा पाणबुड्याचे एवढ्यावर भागत नाही. आपण कोठे आहोत आणि किती खोल आहोत, हे दोन्ही त्याला माहीत असावे लागते. ही माहिती नकाशातून कशी मिळते, ते बोनेअर बेटाच्या उदाहरणावरून पाहू.

हे बेट कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या उत्तरेस, सुमारे १२° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे व्यापारी वारे वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळतात. पश्चिम किनारा आडोशाला असल्याने शांत राहतो. पाणबुड्यांच्या नकाशावर नावांची दाटी पश्चिमेलाच का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर जागोजागी पिवळे रंगवलेले दगड दिसतात. समोरच्या पाण्यातील जागेचे नाव त्यांवर लिहिलेले असते. ‘जीपीएस असताना दगड कशाला?’ असे तुम्ही विचाराल. पण उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरी समुद्राचे पाणी चटकन शोषून घेते. पाण्याखाली गेले की जीपीएस निरुपयोगी! तेथे होकायंत्र, तळाची ओळख आणि किनाऱ्यावरची खूण यांवरच भिस्त.

आता खोलीकडे वळू. १२ सप्टेंबर १९८४ रोजी ‘हिल्मा हूकर’ हे जहाज बोनेअरजवळ बुडाले. ते सुमारे ३० मीटर खोलीवर तळाशी कलंडून पडले आहे. अशी खोली ध्वनीने मोजता येते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. ३० मीटर जाऊन परत यायला, म्हणजे ६० मीटर अंतराला, प्रतिध्वनीस ०.०४ सेकंद लागतो.

नकाशावरील या आकड्याला एवढे महत्त्व का? दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे १ वातावरण वाढतो. पृष्ठभागावर हवेचा १ वातावरण दाब असतोच. म्हणून ३० मीटरवर एकूण दाब ४ वातावरण होतो. तेथे फुफ्फुसे भरण्यास चौपट हवा लागते. पृष्ठभागावर ६० मिनिटे पुरणारी टाकी तेथे १५ मिनिटांतच संपेल. समजा, नकाशात ३० ऐवजी चुकून १५ छापले गेले. १५ मीटरवर दाब अडीच वातावरण, म्हणजे टाकी २४ मिनिटे पुरेल असा हिशेब पाणबुड्या करील. मनगटावर खोलीमापक असतो हे खरे. पण बेत पाण्यात उतरण्यापूर्वीच आखायचा असतो. शिवाय सावकाश वर येण्यासाठी हवा राखून ठेवावी लागते. एका आकड्याची चूक जिवावर बेतू शकते.

नावेही बोलकी असतात. ‘सॉल्ट पियर’ म्हणजे मीठ जहाजात भरण्याचा धक्का. ‘वन थाउजंड स्टेप्स’ म्हणजे हजार पायऱ्या. प्रत्यक्षात तेथे शंभरसुद्धा नाहीत! पण पाण्यात उत्प्लावक बलामुळे हलकी वाटणारी टाकी पाठीवर घेऊन पायऱ्या चढताना त्या हजार वाटल्या, तर नवल नाही.

नावांचा आणखी एक उपयोग आहे. १९७९ पासून बोनेअरभोवतीचा समुद्र संरक्षित आहे. प्रवाळ मोडू नयेत म्हणून नावा नांगर न टाकता ठरावीक जागी बसवलेल्या बोयांना बांधतात. २०२३ साली येथील प्रवाळांत, त्यांच्या ऊती नष्ट करणारा रोग आढळला. ‘पश्चिमेला कोठेतरी प्रवाळ पांढरे दिसले’ या बातमीचा अशा वेळी काय उपयोग? जागेचे नाव आणि खोली सांगितली, तरच दुसरा निरीक्षक नेमका तेथे पोहोचतो आणि गेल्या वर्षीच्या नोंदीशी तुलना करता येते. नाव आणि खोली मिळून पाण्याखालचा पत्ता बनतो.

करून पाहा : घमेल्यात दगड ठेवून गढूळ पाणी भरा. वर दर ५ सेंटिमीटरला भोके पाडलेला पुठ्ठा ठेवा. प्रत्येक भोकातून पट्टी घालून खोली मोजा आणि समान खोलीचे बिंदू जोडा. न दिसणाऱ्या तळाचा नकाशा तयार होईल. त्यावरील उंचवट्यांना नावे द्या, आणि तेवढ्यावरून मित्राला एखादा दगड शोधता येतो का ते पाहा.