शब्दबोध : ‘ऑस्टेन्सिबली’ म्हणजे वरकरणी

‘ऑस्टेन्सिबली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण ‘दाखविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले आहे. अठराव्या शतकात ‘ऑस्टेन्सिबल’ म्हणजे ‘दाखविण्याजोगा’ असा अर्थ होता. पुढे त्यास ‘दाखविलेला, पण कदाचित खरा नसलेला’ ही छटा प्राप्त झाली. मराठीत ‘वरकरणी’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द होय. तो शंका सुचवितो, आरोप करीत नाही.

म्हैसूरचा इतिहास याचे बोलके उदाहरण आहे. १७६१ मध्ये हैदर अलीने राज्याची सूत्रे हाती घेतली. तथापि दुसरे कृष्णराज वडियार १७६६ मध्ये निधन पावेपर्यंत गादीवर होते. राज्य वरकरणी वडियारांचे, सत्ता हैदरची.

बँक व्यवहारातही हा शब्द महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४१ मध्ये ‘ऑस्टेन्सिबल ओनर’, म्हणजेच दर्शनी मालक, येतो. खऱ्या मालकाच्या स्पष्ट वा गर्भित संमतीने दर्शनी मालक झालेल्या व्यक्तीने मोबदला घेऊन मालमत्ता विकल्यास, केवळ तिला अधिकार नव्हता या कारणास्तव व्यवहार रद्द ठरविता येत नाही. मात्र खरेदीदाराने विक्रेत्याच्या अधिकाराची वाजवी काळजीने खातरजमा केलेली असावी व सद्भावनेने वागलेले असावे. चौकशीत हयगय झाल्यास हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून गृहकर्ज घेताना वा देताना कागदावरील नावावरच विसंबू नये. मूळ खरेदीखत, पूर्वीची हस्तांतरणे आणि प्रत्यक्ष ताबा तपासावा. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ हा न्याय येथे चालत नाही.