पडद्यावरची काच : आधी काय रंगवावे?



संगणकावरील मोटार-शर्यतीच्या खेळांत हौशी मंडळी स्वतः तयार केलेल्या गाड्या घालतात. अशा गाडीला 'मॉड' म्हणतात. गाडी दिसते झोकदार. पण पुष्कळदा तिच्यात एक चमत्कारिक दोष आढळतो. बाहेरून पुढच्या काचेतून पाहावे, तर पलीकडचा रस्ता दिसतो, मात्र आतले स्टिअरिंग आणि सीटा गायब! काच पारदर्शक असताना तिच्यामागच्या काही वस्तू दिसाव्यात आणि काही दिसू नयेत, असे का बरे व्हावे?

खऱ्या काचेतून वस्तूकडचा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पडद्यावर तसे काही घडत नाही. तेथे संगणक वस्तूंमागून वस्तू रंगवत जातो. जवळच्या वस्तूने दूरची झाकली जावी, म्हणून पडद्याच्या प्रत्येक बिंदूपाशी रंगाबरोबर अंतरही नोंदवून ठेवतात. या नोंदवहीला 'झेड-बफर' म्हणतात. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले. तिचा नियम सोपा आहे : नवी वस्तू नोंदलेल्या अंतरापेक्षा दूर असेल, तर ती रंगवायची नाही. त्यामुळे अपारदर्शक वस्तू कोणत्याही क्रमाने रंगवल्या, तरी चित्र तेच येते.

आता आपली गाडी घ्या. रस्ता रंगवून झाला. मग २ मीटरवरची काच रंगवली आणि तिचे अंतर नोंदवले गेले. त्यानंतर ३ मीटरवरच्या सीटची पाळी आली. नोंदवही म्हणते, "येथे २ मीटरवर आधीच काहीतरी आहे." झाले, सीट बाद! काच आणि पत्रा यांतील फरक नोंदवहीला कळत नाही.

यावर उपाय असा : आधी सर्व अपारदर्शक वस्तू रंगवाव्यात, काचा शेवटी. काचेने नोंदवही वाचावी, पण तिच्यात स्वतःचे अंतर लिहू नये. शिवाय काचांमध्येही दूरची आधी, जवळची नंतर. हा क्रम कशासाठी? गणित करून पाहू.

काचेची अपारदर्शकता 'अ' मानू. मग

नवा रंग = अ × काचेचा रंग + (१ − अ) × मागचा रंग

चित्रे अशी एकमेकांवर ठेवण्याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली व्यवस्थित मांडले.

समजा, मागच्या भिंतीचा उजळपणा २०० आहे. दूरची काच धुळीने भुरकट, तिचा उजळपणा १००. जवळची काळी, म्हणजे ०. दोन्हींसाठी अ = १/२. दूरची काच आधी रंगवली, तर प्रथम १५० आणि मग ७५ येतात. क्रम उलटा केला, तर प्रथम १०० आणि मग पुन्हा १००! बरोबर उत्तर ७५. बेरजेत क्रम बदललेला चालतो, येथे चालत नाही.

इटलीतील कुनोस सिमुलाझिओनी या कंपनीचा 'असेट्टो कोर्सा' हा खेळ २०१४ साली आला. त्याच्या गाड्या तयार करण्याच्या साधनात रंग कसा मिसळावा आणि अंतर नोंदवावे की नाही, हे प्रत्येक पृष्ठभागासाठी वेगवेगळे ठरवता येते. मॉड करणाऱ्याने काच पत्र्यापासून वेगळी काढावी, तिला रंग मिसळण्याची पद्धत द्यावी आणि तिची अंतर-नोंद बंद करावी. प्रत्येक काच हा स्वतंत्र भाग ठेवावा. सगळ्या काचा एकाच भागात जोडल्या, तर त्यांतली दूरची कोणती आणि जवळची कोणती, हे संगणकाने कसे ठरवावे?

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. वरच्या उदाहरणात दोन्ही काचा काळ्या घ्या आणि एकीसाठी अ = १/२, दुसरीसाठी अ = १/४ धरा. क्रम बदलल्यास उत्तर बदलते का? मग लाल आणि पिवळा जिलेटीन कागद एकावर एक धरून खिडकीकडे पाहा. कागदांची अदलाबदल करून पुन्हा पाहा. गणित आणि कागद एकच गोष्ट सांगतात का? का, याचा विचार करा.