वैद्याचा बायोडेटा : काय लिहावे, काय टाळावे

रुग्ण समोर आला म्हणजे आपण दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांनी त्याची परीक्षा करतो. नोकरी देणारा मात्र वैद्याला प्रथम पाहतो तो कागदावर. या कागदाविषयी आपण उदासीन असतो, असा आमचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मितीशाळेसाठी तांत्रिक तज्ज्ञ निवडण्यास साहाय्य करण्याचा योग आम्हांस आला. एका वैद्यभगिनींचा बायोडेटा चार पानी होता. पहिली तीन पाने शिबिरे व कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांनी व्यापलेली. आसवारिष्ट विभाग त्यांनी तीन वर्षे स्वतः सांभाळला होता, ही गोष्ट शेवटच्या पानावर एका ओळीत होती. आम्ही तेथवर पोहोचलोच नाही. पुढे अन्य निमित्ताने भेट झाली तेव्हा हे कळले. जागा तोवर भरली होती. त्या अनुभवातून सुचलेली काही सूत्रे येथे देत आहोत.

१) पदानुसार क्रम : औषध नियम, १९४५ मधील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधनिर्मिती पूर्णवेळ, पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते. म्हणून फार्मसीच्या मालकास कोणते कल्प तयार केले, कच्च्या द्रव्यांची परीक्षा केली का, बॅचच्या नोंदी ठेवल्या का, अनुसूची ‘टी’ची माहिती आहे का, हे प्रथम दिसावे. रुग्णालयासाठी चिकित्सेचा अनुभव, तर महाविद्यालयासाठी पदव्युत्तर विषय व अध्यापन आधी लिहावे.

२) मोघम शब्द नकोत : ‘पंचकर्माचा दांडगा अनुभव’ यातून काहीच कळत नाही. ‘दोन वर्षांत वमन २०, विरेचन ४५’ असे, स्वतःच्या नोंदवहीवरून मोजून लिहावे.

३) केले, साहाय्य केले, पाहिले : या तीन क्रियापदांत गल्लत करू नये. ‘वमन स्वतः केले’ असे लिहिणाऱ्यास प्रवर शुद्धीचे ८, मध्यम ६ व अवर ४ वेग एवढे पाठ असून भागत नाही. अमुक रुग्णात किती वेग आले, संसर्जनक्रम किती दिवस दिला, हेही विचारले जाते. तेथे अडखळल्यास बायोडेटातील खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

४) पदवी व नोंदणी : बी.ए.एम.एस.चे वर्ष, विद्यापीठ, परिषदेचा नोंदणी क्रमांक व नूतनीकरणाची मुदत स्पष्ट लिहावी. अल्पमुदतीचे अभ्यासक्रम पदवीच्या रांगेत बसवू नयेत. एम.डी. चालू असल्यास ‘अध्ययन चालू’ असेच लिहावे.

५) बाह्य रूप : दोन पाने पुरेत. जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो. म्हणून युनिकोडमध्ये लिहून पीडीएफ पाठवावी. रुग्णांची नावे वा छायाचित्रे कदापि जोडू नयेत.

फार्मसीच्या मालकांनाही एक विनंती. जाहिरातीत केवळ ‘अनुभवी वैद्य पाहिजे’ असे न लिहिता कोणत्या विभागाचे कोणते काम आहे, ते लिहावे. आणि आलेला बायोडेटा शेवटच्या पानापर्यंत वाचावा. आम्ही तो वाचला नाही, याची खंत आजही आहे.