अवतरणचिन्हाची घुसखोरी आणि शिकणारा पहारेकरी

२०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या संकेतस्थळातून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीस गेली. त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचा तपशीलही चोरांच्या हाती लागला. पुढे चौकशी झाली तेव्हा असे दिसून आले की, याच वाटेने १७ जुलैला एक हल्ला यशस्वी होऊन गेला होता आणि सप्टेंबरच्या प्रारंभी दुसराही झाला होता. पण त्या जुन्या पानांवर कोणाचा पहाराच नव्हता! कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला.

ही वाट कोणती, ते आधी पाहू. संकेतस्थळावर एक रकाना आहे आणि त्यात आपण गावाचे नाव लिहितो, असे समजा. आपण ‘पुणे’ असे लिहिले की संकेतस्थळ आतल्या माहितीच्या कोठाराला पुढील आज्ञा देते (ही आज्ञा एसक्यूएल नावाच्या भाषेत असते, आपण ती मराठीत लिहू):

ज्या नोंदीत गाव = 'पुणे', त्या सर्व दे.

आता एखाद्या खोडसाळ माणसाने रकान्यात नुसते पुणे न लिहिता पुणे' किंवा '१'='१ असे लिहिले तर? संकेतस्थळ मुकाट्याने हा मजकूर आपल्या दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये बसवते आणि आज्ञा अशी होते:

ज्या नोंदीत गाव = 'पुणे' किंवा '१'='१', त्या सर्व दे.

एक म्हणजे एक हे तर नेहमीच खरे. त्यामुळे कोठारातील एकूण एक नोंद बाहेर येते. माहिती म्हणून दिलेला मजकूर एका अवतरणचिन्हाच्या जोरावर आज्ञेत शिरला. टॉकटॉकवरील हल्ला याच जातीचा होता.

अशा मजकुरांची यादी करून पहारेकऱ्याजवळ का देऊ नये? देतातही. पण चोर ‘१=१’ ऐवजी ‘२=२’ लिहितो, किंवा अवतरणचिन्हाऐवजी टक्क्याची खूण आणि २७ हा आकडा लिहितो; संगणक त्याचा अर्थ तोच लावतो. यादी नेहमी एक पाऊल मागे राहते. म्हणून दुसरा मार्ग निघाला. चोर कसा दिसतो हे शिकवण्याऐवजी नेहमीचा ग्राहक कसा दिसतो हे यंत्राला शिकू द्यायचे. डोरोथी डेनिंग या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये संगणकातील घुसखोरीसाठी ही कल्पना सविस्तर मांडली. २००३ मध्ये क्रूगेल आणि व्हिन्या या दोघा संशोधकांनी ती संकेतस्थळांना लावली. त्यासाठी त्यांनी गूगलच्या आणि दोन विद्यापीठांच्या सर्व्हरवरील नोंदी वापरल्या.

यंत्र शिकते म्हणजे काय करते? कागद-पेन्सिल घ्या. आपल्या रकान्यात आठ जणांनी रोमन लिपीत पुणे, ठाणे, मिरज, सातारा, नागपूर, नांदेड, कोल्हापूर आणि भुसावळ ही नावे लिहिली. त्यांतील रोमन अक्षरांची संख्या अनुक्रमे ४, ५, ५, ६, ६, ६, ८, ८. सरासरी ६ येते. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग ४, १, १, ०, ०, ०, ४, ४. त्यांची सरासरी १.७५. शिकणे संपले! यंत्राला ६ आणि १.७५ एवढे दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत.

आता रशियन गणिती चेबिशेव यांचा नियम कामी येतो. सरासरीपासून एखाद्या अंतराइतके किंवा त्याहून दूर पडण्याची संभाव्यता, १.७५ ला त्या अंतराच्या वर्गाने भागल्यास येते त्याहून अधिक असू शकत नाही. रत्नागिरी या नावात ९ अक्षरे. अंतर ३, म्हणून १.७५ ÷ ९ = ०.१९. काळजीचे कारण नाही. वरच्या खोडसाळ मजकुरात (‘किंवा’ऐवजी इंग्रजी ‘ऑर’ धरून, मोकळ्या जागांसह) १५ चिन्हे भरतात. अंतर ९, म्हणून १.७५ ÷ ८१ = ०.०२२. संशयास्पद खरे!

पण आंध्र प्रदेशात वेंकटनरसिंहराजुवारिपेटा नावाचे रेल्वे स्थानक आहे. त्याची रोमन अक्षरे २८. अंतर २२, म्हणून १.७५ ÷ ४८४ = ०.००३६. म्हणजे या कसोटीवर बिचारा प्रामाणिक प्रवासी चोरापेक्षा मोठा चोर ठरतो! लांबीच्या एकट्या कसोटीवर विसंबता येत नाही, ते यामुळेच. क्रूगेल व व्हिन्या यांनी आणखी कसोट्या जोडल्या. कोणत्या जातीची चिन्हे कोणत्या क्रमाने येतात, ती किती वेळा येतात, नेहमीचा रकाना गाळला आहे काय, अशा प्रत्येक कसोटीचे गुण घेऊन त्यांची एकत्र बेरीज केली. आपल्या उदाहरणात लांबलचक नावातील २८ पैकी २८ चिन्हे अक्षरेच आहेत, तर खोडसाळ मजकुरात १५ पैकी ९ चिन्हे अक्षरे नाहीतच. चोर येथे सापडतो.

शिकवणीच्या काळातच चोर येऊन गेला असेल, तर मात्र यंत्र त्यालाही घरचाच समजू लागते. तेव्हा शिकवणीच्या नोंदी आधी निवडून घ्याव्या लागतात.

याहून मोठी अडचण साध्या अंकगणिताची आहे. स्टेफान अॅक्सेलसन या स्वीडिश संशोधकाने १९९९ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. समजा, दिवसाला १,००,००० विनंत्या येतात आणि त्यांत १० खोडसाळ आहेत. आपले यंत्र १० पैकी ९ चोर पकडते आणि १०० सज्जनांमागे एकालाच चुकून अडवते. यंत्र चांगलेच म्हणायचे! तरी दिवसाकाठी घंटा सुमारे १,००९ वेळा वाजेल आणि त्यांपैकी खरी फक्त ९ वेळा. चार दिवसांनी त्या घंटेकडे कोण लक्ष देणार? चुकीचे प्रमाण लाखात एक इतके खाली आणले, तरच दहा घंटांपैकी नऊ खऱ्या ठरतील.

पद्धती तपासण्यासाठी संशोधक बरेचदा स्पेनमध्ये २०१० साली तयार झालेला एक नमुनासंच वापरतात. त्यात ३६,००० साध्या आणि २५,००० हून अधिक विकृत विनंत्या आहेत. एवढे चोर खऱ्या रस्त्यावर नसतात. म्हणून तेथे मिळवलेले पैकीच्या पैकी गुण मी तरी जपूनच वाचतो.

खरा उपाय अर्थात दुसराच आहे. मजकूर आणि आज्ञा कोठाराकडे वेगवेगळ्या पाठवायच्या, म्हणजे अवतरणचिन्ह हे निव्वळ अवतरणचिन्हच राहते. पण मोठ्या कंपनीची कितीतरी जुनी पाने विस्मरणात पडलेली असतात आणि पहारेकरी लागतो तो त्यांच्यासाठीच.

आता तुमच्या वर्गातील सर्वांची आडनावे रोमन लिपीत लिहून हेच दोन आकडे काढा. ०.०५ पेक्षा कमी उत्तर येताच घंटा वाजवायची असे ठरवले, तर तुमच्यापैकी किती जण दारातच अडकतील?