दोन हातांची नोंद

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की वसतिगृहाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास उभा राहतो. दाखल्यावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत का नाही? एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतो आणि कापूस वेचणीच्या ऐन हंगामात मजुरी बुडवून पालकांना यवतमाळचे हेलपाटे घालावे लागतात. ‘कॉम्प्युटरची चूक’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. म्हणूनच संगणकाला माहिती पुरविण्याची जुनी रीत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

पूर्वी माहिती थेट संगणकात टाइप होत नसे; ती जाड कागदाच्या कार्डावर भोकांच्या रूपाने उतरवावी लागे. हर्मन होलेरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी ही पद्धत वापरात आणली. पुढे १९२८ मध्ये आयबीएम कंपनीचे ८० स्तंभांचे कार्ड आले. प्रत्येक स्तंभात भोकांच्या १२ जागा असत. अंकाला एक भोक, रोमन अक्षराला दोन. ही भोके पाडणारे, टंकलेखन यंत्रासारखे कळफलक असलेले यंत्र म्हणजे की-पंच. देवनागरीला त्यात थारा नव्हता. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावे कार्डावर एकच होत!

आपल्या राज्यात हे युग मुंबईत अवतरले. १९६१ मध्ये एस्सो या तेल कंपनीत आयबीएम १४०१ संगणक आला आणि १९६४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६००. या दुसऱ्या यंत्राचा लाभ देशातील इतर संस्थांचे संशोधकही घेत. कार्डांचा गठ्ठा हातून निसटून क्रम बिघडला, तर सारे काम खोळंबे.

परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते की-पंचशेजारचे दुसरे यंत्र, व्हेरिफायर. ते दिसायला तसेच, पण भोके पाडीत नसे. एका व्यक्तीने भोके पाडलेले कार्ड त्यात घालून दुसरी व्यक्ती मूळ कागद पाहून तीच माहिती पुन्हा टाइप करी. समजा, जन्मवर्ष १९५८ असताना पहिल्या हाताने १९८५ असे उतरविले. दुसऱ्या हाताने ५ ची कळ दाबताच यंत्र अडे. पुन्हा दाबूनही मेळ बसला नाही, तर त्या स्तंभावर कार्डाच्या वरच्या कडेला खाच पडे; कार्ड निर्दोष ठरले तर उजव्या कडेला. श्रम दुप्पट होत, खर्चही दुप्पट होई. तरीही एकट्या हातावर विसंबून राहणे त्या काळी परवडणारे मानले जात नसे. आज ऑनलाइन अर्ज एकच व्यक्ती भरते, बहुधा रात्री उशिरा, सर्व्हर सुरू असेल तेव्हा.

यंदापासून आम्ही प्रवेशाच्या वेळी एका शिक्षकाने दाखला मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने नोंदवहीवर बोट ठेवून ताडून पाहावे, असा नियम केला आहे. पालकांनाही शेजारी बसवितो. ‘ळ’ चा ‘ल’ झालेला प्रथम त्यांच्याच कानाला खटकतो.

मूळ कागदच चुकला असेल, तर मात्र व्हेरिफायरदेखील निरुपाय. आमच्या जुन्या नोंदवहीत पानोपानी १ जून हीच जन्मतारीख आढळते. आईला आठवत होता तो पोळ्याचा आदला दिवस. गुरुजींनी लिहिला १ जून.