महायुद्ध, खडकी आणि आपण

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हिटलर, हिरोशिमा आणि हॉस्टेलवर रात्री जागून पाहिलेले दोन-चार इंग्लिश पिक्चर! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. हिस्टरीच्या पेपरात मी तारखा धडाधड लिहायचो. पण त्या युद्धात आपली माणसं कुठे होती, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मित्रांनो, मोहीम म्हणजे एक लढाई नव्हे. एका उद्दिष्टासाठी केलेल्या अनेक लढाया आणि त्यासाठी लागणारे रस्ते, पूल, पेट्रोल, पाणी हे सगळं मिळून मोहीम होते. रस्ता अडला की मोहीम अडली.

पूर्व आफ्रिकेचंच बघा. १९४१ च्या सुरुवातीला ब्रिटिश व भारतीय फौजा सुदानमधून इटालियन सैन्यावर चालून गेल्या. माघार घेताना शत्रूने मेटेम्माच्या पुढच्या रस्त्यात सुरुंग पेरून ठेवले. ते काढायला सर्वांत पुढे होते बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत, वय अवघं २२. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं खडकी! ३१ जानेवारी ते ४ फेब्रुवारी या काळात त्यांनी ५५ मैलांच्या रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ करून घेतली. दोनदा त्यांची गाडी उडाली, एका कानाचा पडदा फाटला. तरी, आता हे काम मलाच जास्त कळतं, असं सांगून त्यांनी बदली माणूस नाकारला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उत्तरेकडे एरिट्रियात केरेनचे डोंगर आडवे होते. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्री लढली. २७ मार्चला केरेन पडलं.

इटलीत अडथळा वेगळा होता. डोंगरातून समुद्राकडे जाणाऱ्या नद्या सैन्याच्या वाटेत आडव्या यायच्या आणि प्रत्येक नदी म्हणजे शत्रूची नवी फळी. टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी रायगडचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून पलीकडे नेलं. व्हिक्टोरिया क्रॉस दोघांनाही मिळाला.

आघाडी मागेही असते. कळंबला राहून वालचंद हे नाव न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. याच वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे तिथे अमेरिकन लष्करी विमानं दुरुस्त होऊ लागली.

ही माणसं परक्या सरकारच्या युद्धात लढली, स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना. म्हणून असेल, ती आपल्या धड्यात आली नाहीत. पण त्यांचं काम खोटं नव्हतं.

आपण एका विषयात गेलो तर एटीकेटी मिळते. भगतांच्या कामात ती सोय नव्हती. आणि ते आपल्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठे होते...