धाप लागते ती वयामुळे नव्हे

थंडी पडू लागली, की दवाखान्यात एका ठराविक तक्रारीचे रुग्ण वाढतात. वय बहुधा पन्नाशीच्या पुढचे. सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते, थोडा बेडका पडतो आणि जरा झपझप चालले की धाप लागते. "हे कधीपासून?" असे मी विचारतो, तेव्हा उत्तर दिवसांत न येता वर्षांत येते. त्याला जोडून एक वाक्य ठरलेलेच असते, "आता वय झालं, डॉक्टर."

वाचकहो, केवळ वय झाले म्हणून सपाट रस्त्यावर कोणालाही धाप लागत नाही. धाप लागते तेव्हा फुप्फुसात, हृदयात किंवा रक्तात काहीतरी बिघडलेले असते. त्यांपैकी एका फार मोठ्या आणि फार दुर्लक्षित आजाराची माहिती आज आपण घेऊ. डॉक्टर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'जुनाट दमा', 'धापेचा आजार' किंवा नुसते 'छातीचे दुखणे' म्हणून सोडून देतात. २०१६ सालच्या पाहणीनुसार भारतात याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल याच आजाराचा क्रमांक होता.

हा आजार म्हणजे काय?

श्वासनलिकेला झाडासारख्या फांद्या फुटत जातात आणि शेवटी द्राक्षांच्या घडासारखे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. तेथे प्राणवायू रक्तात मिसळतो. वर्षानुवर्षे धूर आत जात राहिला, की नळ्यांच्या भिंती सुजतात, कफ साचतो आणि वायुकोशांमधले नाजूक पडदे फाटतात. फुप्फुसाचा ताण जातो. जुन्या कपड्याचे इलॅस्टिक सैल व्हावे तसे.

अशा फुप्फुसात हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. भरलेल्या एसटीतून उतारू उतरलेच नाहीत तर नवे प्रवासी चढणार कुठून? रुग्णाला वाटते की आपल्याला श्वास घेता येत नाही. खरी अडचण श्वास सोडण्याची असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे सांगितलेला श्वासाचा व्यायाम तिच्यावरच आधारलेला आहे.

नेहमीचा दमा यापेक्षा वेगळा. तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, अचानक उसळतो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत असू शकतो. सीओपीडी सावकाश येतो आणि मधल्या काळातही पूर्ण जात नाही. म्हणूनच माणूस त्याला सरावतो. आधी जिना टाळतो, मग बाजार, मग देवळात जाणे, आणि शेवटी ओट्यावर बसून राहतो. घरचेही म्हणतात, "आता त्यांना होत नाही."

बिडी आणि चूल

बिडी-सिगारेट हे या आजाराचे सर्वांना ठाऊक असलेले कारण. पण माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायकांनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो. एका मावशींना मी आजाराचे नाव सांगितले, तेव्हा त्यांचा मुलगा रागावूनच म्हणाला, "आमच्या आईला कसलंही व्यसन नाही!" मी मावशींना विचारले, "चुलीपुढे किती वर्षे बसलात?" त्यांनी बोटांवर मोजले. लग्न झाल्यापासून चाळीस वर्षे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडे, आणि खोलीला खिडकी नाही. ज्या धुराने त्यांचे डोळे रोज पाणावले, तोच धूर रोज छातीतही गेला होता.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला ही चांगली गोष्ट. पण अनेक घरांत आजही चहा गॅसवर होतो आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर. सिलिंडर पुरवून वापरण्यामागची अडचण मी समजू शकतो. निदान ज्या घरात धापेचा रुग्ण किंवा लहान मूल आहे, तेथे तरी चूल उघड्यावर, पडवीत किंवा परसात असावी.

याखेरीज मळणीची धूळ, जिनिंगमधील कापसाचे तंतू, खडी केंद्राची भुकटी आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हीही कारणे आहेत. डास पळवणाऱ्या अगरबत्तीकडे तर कोणी लक्षच देत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की अशी एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात. दारे लावून तिच्याशेजारी झोपण्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी.

निदान कसे करतात?

नुसत्या एक्स-रेवर या आजाराचे निदान होत नाही. सुरुवातीच्या काळात एक्स-रे चांगलाही दिसू शकतो. खरी तपासणी फुंकण्याची. तिला 'स्पायरोमेट्री' म्हणतात. छातीभर श्वास घेऊन यंत्राच्या नळीत जोराने आणि शेवटपर्यंत फुंकायचे. निरोगी माणूस पहिल्या एका सेकंदात आपल्या एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून अधिक हवा बाहेर टाकतो. नळ्या रुंदावणारे औषध दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले, तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे असे समजतात. तपासणीत सुई नाही, दुखणे नाही, काही मिनिटांचे काम आहे. रक्तदाब मोजावा इतकी ती सर्रास व्हायला हवी.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तेथे क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

पंपाची भीती

या आजाराचे मुख्य औषध श्वासावाटे घ्यावे लागते. पण 'पंप' हा शब्द काढला की रुग्णाचा चेहरा पडतो. "पंप म्हणजे शेवटचा उपाय", "एकदा लागला की सुटत नाही", "मुलीच्या लग्नात अडचण येईल", असे बरेच काही ऐकू येते.

पंपाची सवय लागत नाही. चष्मा लावणाऱ्याला रोज चष्मा लागतो, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. शिवाय मात्रेचा हिशेब पाहा. सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात त्याच औषधाचे केवळ १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या हिश्श्याइतके औषध असते. गोळी पोटातून, रक्तातून साऱ्या अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते.

उलट भीती बाळगावी ती निनावी पुड्यांची. 'एका पुडीत धाप बंद' अशी हमी मिळते, तिच्यात अनेकदा भरपूर स्टिरॉइड असते. आठ दिवस बरे वाटते, आणि पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो.

वर सांगितलेल्या मावशींनी दोन महिने पंप नियमित घेतला. बरे वाटू लागले. तेवढ्यात शेजारणीने सवय लागण्याची भीती घातली आणि त्यांनी पंप फडताळात ठेवून दिला. दिवाळीच्या सुमारास फटाक्यांचा धूर आणि सर्दी यांची गाठ पडली. ओठ निळे पडलेल्या अवस्थेत त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले, आठवडाभर ऑक्सिजनवर ठेवावे लागले. त्या वाचल्या. पण अशा प्रत्येक मोठ्या झटक्यात फुप्फुसाची थोडी ताकद कायमची जाते. बरे वाटते ते औषध चालू असते म्हणून. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

पंप घेण्याची पद्धत

औषध योग्य, पण घेण्याची रीत चुकीची, असे फार आढळते. फवाऱ्याचा पंप 'स्पेसर' नावाच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला जोडून घ्यावा.

१) टोपण काढून पंप चांगला हलवावा व स्पेसरला जोडावा.
२) श्वास पूर्ण बाहेर सोडावा.
३) स्पेसरचे तोंड ओठांत घट्ट धरून एकच फवारा मारावा.
४) तोंडाने सावकाश, खोल श्वास घ्यावा आणि जमल्यास दहा अंक मोजेपर्यंत रोखावा.
५) दुसरा फवारा घ्यायचा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवावा.
६) शेवटी चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंड येत नाही.

भुकटीच्या कॅप्सूलचे यंत्र असेल तर श्वास सावकाश न घेता जोराने ओढावा लागतो. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते! पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मला दर महिन्याला भेटतात. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना आपला पंप बरोबर न्यावा आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवावा.

औषधाइतकेच महत्त्वाचे

धूम्रपान सोडणे हा पहिला उपचार. "आता फुप्फुस गेलंच आहे, सोडून काय उपयोग?" असे विचारणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास सांगतो. लंडनमध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी सुमारे ८०० कामगारांची फुप्फुसे आठ वर्षे तपासली आणि १९७७ साली निष्कर्ष मांडले. गेलेली ताकद परत येत नाही, पण धूम्रपान सोडल्यावर फुप्फुस झिजण्याचा वेग कमी होऊन न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. म्हणजे साठाव्या वर्षी सोडली तरी पुढची वर्षे पदरात पडतात. सोडण्यासाठी सल्ला हवा असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

श्वासाचा व्यायाम सोपा आहे. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा. मग बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून चार अंक मोजत हळूहळू सोडावा. याने नळ्या अधिक वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. धाप लागली की खुर्चीत बसून, पुढे झुकून, कोपरे गुडघ्यांवर टेकून असा श्वास घ्यावा. आडवे पडू नये.

धाप लागते म्हणून चालणे बंद केले, तर पायांचे स्नायू सुकतात. सुकलेल्या स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो आणि धाप आणखी वाढते. हे चक्र तोडायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे. बोलता येईल इतक्याच वेगाने, पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवतो. एका वेळी पोटभर न जेवता चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. डाळ, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी घ्यावीत. अंग झडू देऊ नये. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

घरच्या मंडळींसाठी

सततची धाप माणसाला घाबरट आणि एकटे करते. रात्री "सकाळ दिसेल ना?" अशी भीती वाटते, आणि ती कोणाला बोलून दाखवायची लाज वाटते. अशा वेळी "नाटकं करू नका" हे शब्द फार लागतात. आंघोळीला स्टूल द्यावे. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात, म्हणजे वाकावे-चढावे लागत नाही. घरात कोणीही बिडी ओढू नये; धूप, उदबत्तीही रुग्णाच्या खोलीत नको. मात्र सगळेच काम काढून घेऊ नये. भाजी निवडणे, नातवाला शाळेपर्यंत सोडणे, जे झेपेल ते करू द्यावे.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, ताप आला किंवा पायांवर सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ-नखे निळी दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत बरळत असेल तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांच्या रक्तात प्राणवायू कायमच फार कमी असतो, अशा निवडक रुग्णांना घरी रोज १५ तास किंवा अधिक ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते. पण त्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. या आजारात जादा ऑक्सिजनही घातक ठरतो, आणि त्याच्याजवळ दिवा, शेगडी किंवा बिडी म्हणजे आगीला आमंत्रण.

खर्चाची चिंता रास्त आहे. राज्य शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, आणि जनऔषधी केंद्रांत अनेक औषधे स्वस्त मिळतात. तेथे आधी चौकशी करावी.

हा आजार मुळापासून बरा होत नाही, हे मी रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो. त्याचबरोबर हेही सांगतो, की तो ताब्यात ठेवता येतो, आणि जितक्या लवकर सुरुवात कराल तितके फुप्फुस अधिक वाचेल. आपल्या घरात कोणी सकाळी खोकत असेल, देवळाच्या पायऱ्या टाळत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. या आठवड्यातच त्यांना फुंकण्याच्या तपासणीसाठी घेऊन जा.